एकास चारचा माल आणि माझं गुणोत्तर-प्रमाण

सातवीत असताना गुणोत्तर-प्रमाणाचा धडा आला की माझ्या पोटात गोळा यायचा. शाळेत तिरका गुणाकार शिकवलेला, तीन संख्या दिल्यात, चौथी एक्स माना, तिरके गुणा, भागा, झालं. उत्तरं यायची पण जरा भाषा फिरवून गणित विचारलं की माझं सगळं अडायचं, कारण आपण गुणतोय कशासाठी हेच कळलं नव्हतं.

माझे बाबा गवंडी. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचा डबा घेऊन साइटवर जायचे. एकदा बिगारी आला नव्हता, तर म्हणाले प्लास्टरला एकास चारचा माल करायचाय, तू घमेली मोज. एक घमेलं सिमेंट, चार घमेली वाळू, इथवर ठीक. मग म्हणाले, सिमेंट दोन घमेली घेतलं तर वाळू किती? मी पटकन म्हटलं पाच, सिमेंट एकानं वाढलं तर वाळू पण एकानंच वाढणार ना. बाबांनी थापीनं मातीत दोन गोल काढले आणि म्हणाले, ही पाच घमेली या दोघांत वाटून दाखव. एकेकाच्या वाट्याला अडीच आली. "अगं, हा एकास अडीचचा माल झाला की. प्रत्येक सिमेंटच्या घमेल्याला त्याची चार वाळू मिळाली पाहिजे." म्हणजे आठ. बेरीज नाही, पट बघायची, हे मला त्या दोन गोलांत दिसलं, आणि खरं सांगते, आजही गुणोत्तर म्हटलं की तेच गोल डोळ्यासमोर येतात.

दुसऱ्या दिवशी विचारलं, दोन्ही मिळून २० घमेली कोरडा माल हवाय, सिमेंट किती? मी २० ला ४ नी भागून पाच सांगितलं. मग वाळू उरते १५, म्हणजे एकास तीन! एक आणि चार मिळून पाच भाग होतात, म्हणून सिमेंट ४, वाळू १६. ही चूक मी नंतर कितीतरी मुलांच्या वहीत बघितलीय.

व्यस्त प्रमाणाला मात्र वेळ लागला. ६ माणसं ४ दिवसांत काम करतात तर ३ माणसं किती दिवसांत, मी २ लिहिलेलं, माणसं निम्मी तर दिवस निम्मे. बाबा म्हणाले, माणसं कमी केली की काम लवकर उरकतं होय? एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक हजेरी, आधी काम किती हजेऱ्यांचं ते काढ. ६ चोक २४ हजेऱ्या. काम तेवढंच राहतं, माणसं तीन असली तर आठ दिवस.

वार्षिक परीक्षेत १५ मजूर ८ दिवस, तर १० मजुरांना किती दिवस असं आलं. मी कडेला १२० हजेऱ्या असं लिहून १२ दिवस उत्तर काढलं. सरांनी हजेऱ्या या शब्दाखाली रेघ ओढून शेजारी 'छान' लिहिलं होतं, तो पेपर बाबांनी घडी घालून हजेरीच्या वहीत ठेवला.