26 अंशांच्या दोन वायूंमध्ये 29 अंशांची प्लेट

विंड टनेलमध्ये हवा 10 मीटर प्रति सेकंद, तापमान 26 अंश. तळाला 300 × 150 मिलिमीटरची सिंटर केलेल्या (भुकटी तापवून सांधलेल्या) ब्राँझची सच्छिद्र प्लेट, आणि तिच्यातून वर सोडलेला हेलियम, तोही 26 अंशांचा. पृष्ठभागाखाली अर्ध्या मिलिमीटरवर बसवलेली थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोड्या) मात्र 29 दाखवत होती. सगळी, एकजात.

पहिला संशय सिलिंडरचा दाब उतरवणाऱ्या रेग्युलेटरवर. नेहमीच्या तापमानाला हेलियम दाब उतरताना थंड होत नाही, उलट तापतो: दर बारला सुमारे 0.06 अंश, म्हणजे भरलेल्या सिलिंडरवरून 8-9 अंश. म्हणूनच आम्ही तो पाण्यात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून आणतो. प्लेटखालच्या प्लेनममधलं (वायू आधी जिथे भरतो त्या पेटीतलं) थर्मोकपल 26 वर ठाम होतं. हवेच्या घर्षणाने या वेगाला मिळतात जेमतेम 0.05 अंश.

मग रोटामीटर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजणारं उपकरण. तो हवेसाठी आखलेला, त्यामुळे हेलियमला वाचन 2.7 ने गुणावं लागतं. 73 दिसले तर खरे मिनिटाला 197 लिटर. दर चौरस मीटरला धरला तर मुख्य प्रवाहाच्या वस्तुमान-प्रवाहाच्या एक हजारांश. तेही जुळलं.

निकाल लावला नायट्रोजनने. तेवढ्याच वस्तुमान-प्रवाहाने तो सोडला आणि प्लेट मुकाट 26 वर आली. म्हणजे दोष उपकरणांचा नव्हता, रेणुभारातल्या फरकाचा होता. हलका हेलियम सीमास्तरातून (पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या हवेच्या पातळ थरातून) वर पसरतो आणि त्या विसरणामुळेच उष्णता उलट दिशेने, भिंतीकडे म्हणजे प्लेटकडे वाहते. हा दुफूर परिणाम. बहुतेक गणितांत तो क्षुल्लक म्हणून गाळतात. हवा-हेलियमला ते चालत नाही. मिनेसोटा विद्यापीठात एकर्ट आणि सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात हे मोजून दाखवलं आहे.

29 हाही या परिणामाचा पूर्ण आकडा नव्हे, कारण आत येणारा 26 अंशांचा हेलियम प्लेटला सतत थंड करत असतो. वेटोळ्याचं पाणी हळूहळू तापवत नेलं; प्लेनम आणि प्लेट यांची तापमानं 38 च्या आसपास जुळली. भिंतीचं रुद्धोष्म तापमान ते, म्हणजे प्रवाह आणि भिंत यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण थांबते ते. उष्णता-संक्रमण गुणांक (दर अंश फरकाला प्रवाह आणि भिंत यांच्यात किती उष्णता जाते तो आकडा) काढताना संदर्भ म्हणून हेच घ्यायचं. मुक्त प्रवाहाचे 26 घेतले, तर भिंत 26 आणि 38 च्या मध्ये असताना गुणांक चक्क ऋण येतो.

एक व्यवहाराची गोष्ट: 7 घनमीटरचा सिलिंडर या दराने 35 मिनिटांत संपतो. गळती, कडांचं इपॉक्सी, प्रवाहाचा एकसारखेपणा, सगळं आधी स्वस्त नायट्रोजनवर तपासावं.