काकूंची गिरणी

पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगला येऊन मला सहा वर्षं होतील आता, पण पहिली दोन वर्षं तरी हे पूर्व-पश्चिम प्रकरण मला कळलंच नव्हतं. शाळेत काय शिकलो, ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत पडली, ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाले, विषय संपला.

माझ्या वरच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहतात, हाक आडनावाने मारते पण मनात त्या काकूच. इथल्या एका सूतगिरणीत होत्या त्या. परवा कॉफीला बोलावलं तेव्हा मी सहज म्हटलं की माझे आजोबा पण गिरणीत होते, लालबागला, साचा खात्यात. काकूंनी कप खाली ठेवला आणि तुटलेला धागा कसा सांधायचा ते हवेतच करून दाखवलं, अंगठा आणि पहिलं बोट, हलकासा पीळ. सेम आजोबांसारखं! ८२ च्या संपात गिरणी सुटली तरी म्हातारपणी गॅलरीत बसल्या बसल्या त्यांची बोटं तशीच चालायची. मला भरूनच आलं.

१ जुलै १९९० ला इकडे पश्चिमेचं चलन, मार्क, आलं, लोक खुश, पण पूर्वेच्या जुन्या मार्कातले पगार एकास एक दराने या नव्या मार्कात द्यायचे म्हटल्यावर माल एका रात्रीत महाग झाला आणि पूर्व युरोपातली जुनी गिऱ्हाईकं तुटली. सगळे सरकारी कारखाने ट्रॉइहांड नावाच्या संस्थेकडे गेले, साधारण साडेआठ हजार कंपन्या, चाळीस लाख कामगार, एक तर विका नाहीतर टाळं लावा, आणि १९९४ संपेपर्यंत हे सगळं आटोपलं पण. घेणारे बहुतेक पश्चिमेचे. काकूंची गिरणी बंद झाली, मुलगा कामासाठी स्टुटगार्टला गेला तो तिकडचाच झाला.

पेन्शनचा हिशोब दोन्हीकडे सारखा व्हायला २०२३ उजाडलं, पण पैशाचं काकू फार बोलत नाहीत. बेकारीतल्या एका सरकारी कोर्सला पश्चिमेकडून आलेल्या माणसाने त्यांना विचारलेलं, तुम्हाला खऱ्या कामाची सवय नसेल ना? वीस वर्षं पाळ्या केलेल्या बाईला! हे सांगताना आजही त्यांचा आवाज कापतो. अहो, मर्केलबाई १६ वर्षं चॅन्सेलर होत्या, तरी त्यांचं पूर्वेतलं आयुष्य कोणीतरी 'ओझं' म्हणून लिहिलं आणि २०२१ मधे जाता जाता हाले शहरातल्या भाषणात त्यांना ते बोलून दाखवावं लागलं.

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत बर्लिन सोडून पूर्वेतल्या पाचही राज्यांत एएफडी, म्हणजे बाहेरून येणाऱ्यांना विरोध करणारा कडवा उजवा पक्ष, पहिली आली. काकूंच्या भाच्याने पण त्यांनाच मत दिलं. त्याचा राग मला समजतो, पण तो राग माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांवर निघतो हे मला अजिबात मान्य नाही, आणि रात्रीच्या ट्रॅममधे मला भीती वाटते हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, पुढच्या वेळी भाच्याला पण बोलावते, तू आजोबांचं सांग त्याला.

आईला आजोबांचा गिरणीतला फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितलाय.