कमिट केलं की बोर्ड मरतं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कंपनीत कारखान्यांसाठी गेटवे बनतात. मशीनवरच्या सेन्सरांचे आकडे गोळा करून पुढे पाठवायचे, एवढंच त्यांचं काम. आत एआरएम प्रोसेसर, त्यावर लिनक्स, आणि लिनक्सच्या आधी उठून त्याला सुरू करणारा प्रोग्राम, यू-बूट. त्या सोमवारी आमचा ज्युनियर बेंचवरून ओरडला, "मॅडम, कमिट केलं की बोर्ड मरतंय. कमिट न करता बिल्ड केलं तर चालतंय."

कमिट म्हणजे कोडमधला बदल गिट या नोंदवहीत पक्का करणं; बिल्ड म्हणजे कोडपासून बोर्डावर चालणारी फाइल, म्हणजे बायनरी, बनवणं. त्यांचा एकमेकांशी काय संबंध? मला वाटलं, हा वीकेंडला झोपला नसावा. पण स्वतः करून पाहिलं आणि तेच झालं. कोड तोच, कंपायलर तोच. कमिट न केलेला बिल्ड सरळ लिनक्सपर्यंत जायचा. गिटमध्ये कमिट करून पुन्हा बिल्ड केला, की सिरीयल कन्सोलवर यू-बूटचं नाव, प्रोसेसर, 'डीरॅम ५१२ एमआयबी' एवढं उमटायचं आणि पुढे शांतता. अडचण शोधायला मध्ये एक प्रिंट घातली, तर बोर्ड चालू! प्रिंट काढली की बंद.

गिटचा आणि बोर्डाचा संबंध मात्र होता. कमिट न केलेले बदल असले की यू-बूट आपल्या आवृत्तीच्या नावामागे 'डर्टी' हा शब्द जोडतं. तेवढ्या काही अक्षरांनी बायनरीतल्या पुढच्या सगळ्या गोष्टी थोड्या सरकतात. म्हणजे कुणीतरी, कुठेतरी, भलत्या पत्त्यावर लिहीत होतं. त्या पत्त्यावर काय बसलंय, यावर बोर्डाचं नशीब ठरत होतं.

नेमकं 'डीरॅम'च्या ओळीनंतरच का अडकावं, हे कळायला यू-बूटची एक खोड माहीत असावी लागते. मेमरीचा आकार कळला की यू-बूट स्वतःची प्रत रॅमच्या वरच्या टोकाला करतं आणि तिथून पुढे चालतं. याला रिलोकेशन म्हणतात. घर बदललं की बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत सगळीकडे पत्ता बदलून घ्यावा लागतो, तसे कोडमधले सगळे पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, दुरुस्त करावे लागतात. कुठले करायचे त्याची यादी बायनरीच्या शेवटी असते, ३२ बिटांच्या एआरएमवर प्रत्येक नोंद आठ बाइटची. रिलोकेशननंतर यादीचा उपयोग संपतो, म्हणून जागा वाचवायला बीएसएस, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेल्या चलांचा विभाग, त्याच पत्त्यावर मांडलेला असतो.

हे सगळं मला त्या दिवशी दुपारपर्यंत एवढ्या सुसूत्रपणे दिसत नव्हतं, हेही खरं. कन्सोलचा लॉग, चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या बिल्डचे मॅप (काय कुठल्या पत्त्यावर बसलंय त्याच्या याद्या), असं सगळं जोडून मी यू-बूट प्रकल्पाच्या लोकांना मेल टाकली आणि जेवायला गेले. परत आले तर युरोपातल्या एका डेव्हलपरचं उत्तर आलेलं. आमचं बोर्ड त्याने पाहिलेलं नाही, आमची चिप तो वापरत नाही. त्याने एवढंच विचारलं होतं की रिलोकेशनच्या आधी बीएसएसमध्ये कुणी लिहितंय का, आणि रीडमी या माहितीच्या फाइलमधला त्याबद्दलचा परिच्छेद वाचलात का.

मॅप उघडला. सिरीयल पोर्टचा वेग ठरवायला क्लॉक ड्रायव्हरला विचारावं लागतं आणि हे कन्सोलच्या पहिल्या अक्षराआधी घडतं. त्या ड्रायव्हरमध्ये एक स्टॅटिक चल होता: एकदा काढलेली फ्रिक्वेन्सी पुन्हा काढायला नको म्हणून जपून ठेवलेली. सुरुवातीची किंमत नसल्याने तो बीएसएसमध्ये. जेटॅग, म्हणजे प्रोसेसरच्या आत डोकावायचं साधन, लावलं, त्या पत्त्यावर कुणी लिहिलं की थांबवणारा वॉचपॉइंट ठेवला, वीज दिली. प्रोसेसर तिथेच थांबला. ड्रायव्हर आपली फ्रिक्वेन्सी रिलोकेशनच्या यादीवरच लिहीत होता. बिघडलेली नोंद बिनमहत्त्वाची निघाली तर बोर्ड चालायचं, नाहीतर नाही.

ड्रायव्हर मूळचा चिप बनवणाऱ्या कंपनीचा, आणि तोच यू-बूटच्या मुख्य कोडमध्येही होता. आमच्यापुरती दुरुस्ती एका ओळीची: चल डेटा विभागात, म्हणजे किंमत दिलेल्या चलांच्या जागी, टाकायचा. संध्याकाळी साहेब म्हणाले, "झालं ना? मग माल जाऊ दे." माल गेला. पण पॅच, म्हणजे या बदलाची फाइल, यू-बूटच्या मुख्य प्रकल्पाकडे पाठवायचाच, यावर मी अडून बसले. चिप कंपनीची प्रत घेऊन तिच्यावर स्वतःची ठिगळं लावत बसलेली दुकानं मी पाहिली आहेत. दर नव्या आवृत्तीला तीच ठिगळं नव्याने शिवावी लागतात.

खरी मेहनत तिथून पुढे होती. ज्युनियरने पॅचवर लिहिलेलं, 'बूट अडकणं दुरुस्त'. ते परत आलं: काय अडकतं, का अडकतं, या बदलाने का सुटतं, तिन्ही लिहा. मग एकाने सुचवलं की चल डेटात कशाला, रिलोकेशनच्या आधी जपायच्या गोष्टींसाठी ग्लोबल डेटाची रचना आहेच, तिथे ठेवा. दुसऱ्याने लगेच अडवलं, एका ड्रायव्हरसाठी ती रचना फुगवायची नाही. त्या चिप-परिवाराची शाखा सांभाळणाऱ्या कस्टोडियनने मग साधं विचारलं: ही किंमत जपायचीच कशाला? काढायला किती वेळ लागतो? मोजलं, तर जाणवण्याइतकासुद्धा नाही. शेवटच्या पॅचमध्ये आम्ही काहीच जोडलं नाही, चलच उडवला. ज्युनियर थोडा हिरमुसला. पहिलाच पॅच आणि त्यात फक्त उणे चिन्हांच्या, म्हणजे काढून टाकलेल्या, ओळी! मला तो मूळ दुरुस्तीपेक्षा कितीतरी चांगला वाटला.

ही काटेकोर सवय प्रकल्पाला सुरुवातीपासून आहे. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने २००० मध्ये पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी पीपीसीबूट म्हणून यू-बूट पहिल्यांदा लोकांपुढे आणलं. इतर प्रोसेसर आल्यावर २००२ मध्ये नाव यू-बूट झालं. डेंक २०२२ मध्ये गेले. त्यांच्या जुन्या मेल आजही वाचण्यासारख्या आहेत. कोडवर कडक, आणि शेवटी दरवेळी एखादं मिश्कील अवतरण. आता टॉम रिनी मुख्य जबाबदारी सांभाळतात. दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, नवी आवृत्ती निघते.

पॅच स्वीकारला जाण्याआधी एका अनोळखी माणसाचं 'टेस्टेड-बाय', म्हणजे 'मी तपासून पाहिलं' अशी नोंद, आलं. त्याच चिपचं दुसरंच बोर्ड त्याच्याकडे होतं. ते अधूनमधून उठत नसे आणि तो एसडी कार्डांना दोष देत कार्डं बदलत होता. आमचा बदल घातल्यावर त्याच जुन्या कार्डावरून बोर्ड नीट उठायला लागलं, असं त्याने लिहिलं.

ज्युनियर सध्या बाकीच्या ड्रायव्हरांमधले स्टॅटिक चल शोधतोय. एक सापडलाय, अडकलेला प्रोसेसर रीस्टार्ट करणाऱ्या वॉचडॉगच्या ड्रायव्हरमध्ये. या वेळी कमिटचा मजकूर त्याने माझ्याकडे न आणता थेट पाठवला.