तुम्ही विचारलंत म्हणून: ई-बस अडते कुठे?

"बस तयार आहे, अनुदान मंजूर आहे, शहराला हवीही आहे, मग येत का नाही? आणि तुम्ही याचं मॉडेल करता म्हणजे नेमकं काय करता?" हे दोन प्रश्न जोडीनेच येतात, म्हणून उत्तरही एकत्रच.

मॉडेल म्हणजे कोण कधी काय ठरवेल आणि त्यातून शहरात किती बस येतील, याचं संगणकावरचं गणित. त्यात बस जवळजवळ नसतेच. असतात ते ठरवणारे: परिवहन उपक्रम (शहराची बससेवा चालवणारी संस्था), ठेकेदार, उत्पादक, बँक, वीज वितरण कंपनी, अनुदान देणारं सरकार. प्रत्येकापुढे तीन रकाने भरायचे: काय ठरवतो, कशाकडे बघून ठरवतो, ठरवायला किती दिवस लावतो. तिसरा रकाना रिकामा असेल तर बाकीचं मॉडेल शोभेचं. तो भरण्यासाठी बैठकीतलं बोलणं कामाचं नाही. तिथे सगळ्यांचाच पाठिंबा असतो. विचारायचं ते असं: कोणता कागद समोर आल्याशिवाय तुमची सही होत नाही? (प्रवासी शेवटी घेतला तरी चालतो. बस वेळेवर आली की ती डिझेलची की विजेची, हे तो विचारत नाही.)

आता पैशाचं चक्र बघा. 'वेट लीज' या भाडेपद्धतीत बस ठेकेदाराची, चालक त्याचा. उपक्रम किलोमीटरमागे पैसे देतो आणि तिकिटाचं उत्पन्न स्वतःकडे ठेवतो. समजा 100 बस, रोज प्रत्येकी 200 किलोमीटर, दर 60 रुपये. महिन्याचं बिल 3 कोटी 60 लाख. तिकिटातून त्यातला काही भागच निघतो, उरलेली संचलन तूट पालिकेने भरायची. ती रक्कम उशिरा आली की बिलं अडकतात. दोन महिने अडकली तर ठेकेदाराचे 7 कोटी 20 लाख बाहेर, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. बँक हे बघते आणि पुढच्या कर्जाला जास्त व्याज लावते किंवा हमी मागते. ते व्याज पुढच्या निविदेच्या दरात चढतं, दर चढला की तूट वाढते, तूट वाढली की बिलं आणखी अडकतात.

केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केलेली पेमेंट सिक्युरिटी योजना (3,435 कोटी रुपये, 38,000हून अधिक बस) याच चक्रात हात घालते. उपक्रमाने पैसे थकवले तर निधीतून द्यायचे, नंतर वसूल करायचे. त्याने बस स्वस्त होत नाही, बँकेची भीती कमी होते. ही योजना मॉडेलमध्ये अनुदानाच्या रकान्यात टाकली की उत्तर हमखास चुकतं.

दुसरा अडथळा आगारात. 12 मीटरची एसी बस किलोमीटरला साधारण सव्वा युनिट खाते. 100 बसना रोज 25,000 युनिट. रात्रीच्या सहा तासांत भरायचे तर चार्जरमधली गळती धरून साडेचार मेगावॉटच्या आसपास भार लागतो. म्हणजे उच्चदाब जोडणी, रोहित्रं, बहुधा स्वतंत्र फीडर (उपकेंद्रातून आगारापर्यंतची वेगळी वीजवाहिनी), आणि केबलसाठी रस्ता खोदायची परवानगी. पावसाळ्यात पालिका सहसा रस्ता खोदू देत नाहीत. त्यामुळे अर्ज एप्रिलऐवजी जूनमध्ये गेला तर दोन नव्हे, पाच-सहा महिने जातात. 'जोडणीला सहा महिने' अशी सरासरी टाकू नये, अर्जाचा महिना टाकावा. तोवर आलेल्या बस आगारात उभ्या: किलोमीटर शून्य, हप्ता चालू. पुन्हा बँकेपाशीच येऊन पोचलो.

आणखी एक चूक सर्रास दिसते: धोरणाचा परिणाम लागू झाल्याच्या तारखेपासून धरणं. माणसं बातमीवर हलतात. विजेच्या दुचाकींचं अनुदान जून 2023 पासून बॅटरीच्या क्षमतेच्या दर किलोवॉट-तासाला 15,000 वरून 10,000 रुपयांवर आलं, कमाल मर्यादाही गाडीच्या किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर. मे महिन्यात एक लाखावर गाड्यांची नोंदणी झाली, जूनमध्ये ती पन्नास हजारांच्याही खाली गेली. हा उसळी आणि घसरणीचा आकार मॉडेलमधून निघाला नाही, तर 2030चा आकडा त्याला विचारूच नये.

मॉडेल तपासायचं असेल तर ते दोनदा चालवा. एकदा बॅटरी 20 टक्क्यांनी स्वस्त करून, एकदा बिलाचा उशीर 90 दिवसांवरून 15 वर आणून. दुसऱ्या खेपेला काहीच हललं नाही, तर बँकेपुढचा मधला रकाना कोणीतरी अंदाजाने भरलाय.