दोन हायफनची एक रेघ

तक्रार एका ओळीची होती: मॅन्युअलमधली कमांड कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकली तर चालत नाही, हाताने टाइप केली तर चालते. पीडीएफ मोठी करून पाहिली. ‘--फोर्स’मधल्या दोन हायफनची मिळून एक लांब रेघ झाली होती. तेही फक्त वाक्यांमध्ये. चौकटीतले कोडचे नमुने बिनचूक.

मॅन्युअल लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात लिहिलेल्या आज्ञांवरून पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीत, केलेलं. त्यात फॉन्टचं एन्कोडिंग (अक्षरांची सांकेतिक मांडणी) टी१ ठेवलं की टाइपरायटर फॉन्टमध्येही -- ची एक रेघ होते आणि << चं « होतं. कोडच्या चौकटीसाठीचं व्हर्बॅटिम ही जोडाजोड थांबवतं, वाक्यातला शब्द टाइपरायटर फॉन्टमध्ये घालणारं टेक्स्टटीटी थांबवत नाही. मायक्रोटाइप पॅकेजमधलं, जोडाजोड बंद करणारं डिसेबललिगेचर्स टी१च्या टीटी (टाइपरायटर) फॉन्टना लावलं की एका ओळीत काम भागतं. ते लावलंच. पण खरं दुखणं वेगळं होतं: ‘--फोर्स’सारखा ऑप्शन असो, फाइलचं नाव असो, सगळ्याला सरसकट टेक्स्टटीटी. सोर्समध्ये, म्हणजे मूळ लाटेक फाइलमध्ये, शोधायचं तरी काय?

म्हणून अर्थावरून मॅक्रो, म्हणजे स्वतःच्या आज्ञा, केले. ऑप्शनसाठी ‘ऑप्ट’: लेखकाने फक्त नाव द्यायचं, हायफन मॅक्रो घालणार, तेही -{}- असे, म्हणजे पीडीएफलाटेकमध्ये ते जुळत नाहीत. नावात अंडरस्कोर आला की लाटेक त्याला गणिताचं चिन्ह समजतं आणि ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’ ही चूक ठरलेली, म्हणून आत चिन्हांना साधी अक्षरं करणारं डीटोकनाइझ घातलं.

मजकुरात सगळं सुरळीत. मग एका शीर्षकात ऑप्ट वापरला. पहिला रन स्वच्छ, दुसऱ्याला पुन्हा तोच डॉलर! आणि चूक दाखवली जात होती अनुक्रमणिकेच्या .टीओसी फाइलमध्ये, जी एका रनला लिहिली जाते आणि पुढच्या रनला वाचली जाते. न्यूकमांड या नेहमीच्या आज्ञेने केलेला मॅक्रो त्या फाइलमध्ये लिहिला जातानाच उलगडतो. डीटोकनाइझचं काम तिथेच संपतं, फाइलमध्ये नुसता अंडरस्कोर उतरतो आणि पुढच्या रनला तो पुन्हा गणिताचा होतो. व्याख्या डिक्लेअररोबस्टकमांडने केली की फाइलमध्ये मॅक्रो जसाच्या तसा जातो. जुनी .टीओसी मात्र आधी पुसायची, नाहीतर दुरुस्तीनंतरही तीच चूक दिसते आणि माणूस उगाच व्याख्येतच खोदत बसतो.

टक्क्याचं चिन्ह या मॅक्रोला पेलत नाही. डीटोकनाइझची पाळी येण्याआधीच टक्का ओळीचा पुढचा भाग, बंद होणाऱ्या महिरपी कंसासकट, कॉमेंट म्हणून गिळतो. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ (बॅकस्लॅश) लावली तर तीही छापली जाते. तारखेच्या फॉरमॅटसारख्या मोजक्या जागी मी सरळ व्हर्ब (वाक्यात वापरायचं व्हर्बॅटिम) वापरला. शीर्षकात आणि तळटिपेत तो चालत नाही, तिथे वाक्यच बदललं.

डोळ्यांवर भरवसा नको म्हणून बिल्डच्या, म्हणजे पीडीएफ तयार करण्याच्या, शेवटी पीडीएफमधला मजकूर काढणारं पीडीएफटूटेक्स्ट चालवून, लांब रेघेला लगेच रोमन अक्षर चिकटलेलं दिसलं तर बिल्ड थांबवायचं ठरलं. वर्षांमधल्या रेघेला पुढे आकडा असतो, ती सुटते.