तुम्ही विचारलंत म्हणून: सख्ख्या भाचीला लग्नात काय द्यावं?

तुळशीचं लग्न झालं की मला फोन सुरू होतात. "मावशी, सख्ख्या भाचीचं लग्न आहे. पाकीट नको वाटतं, काहीतरी लक्षात राहील असं द्यायचंय. काय देऊ?" मला विचारतात, कारण आमच्या घराण्यात आहेर लिहायला मला बसवतात. अक्षर बरं आहे, आणि कुणाच्या पाकिटातून किती निघाले हे मी बाहेर बोलत नाही. या दोन गुणांवर माणसाचं आयुष्य आहेराच्या टेबलाशी जाऊ शकतं.

त्या टेबलावरून काय काय गेलं म्हणून सांगू. भिंतीवरची घड्याळं, लेमन सेट, काचेच्या वाट्या, चांदीच्या मुलाम्याचे गणपती, मग थर्मास, आता एअर फ्रायर. यातलं बरंचसं पुढच्या लग्नात दुसऱ्या कागदात गुंडाळून परत येतं. मी देणाऱ्यांना दोष देत नाही. ऑफिसातल्या माणसाला, नवऱ्याच्या मित्राला, शेजाऱ्यांना अंदाजानंच द्यावं लागतं आणि त्याच दिवशी द्यावं लागतं. मामा, मावशी, आत्या, काका यांचं तसं नाही. त्यांना दोन सवलती आहेत: त्यांना विचारता येतं आणि त्यांना उशीर करता येतो. आणि नेमकी हीच माणसं यातली एकही सवलत न घेता आदल्या संध्याकाळी लक्ष्मी रोडवर घाम पुसत फिरताना दिसतात.

विचारलं की गंमत जाते, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं वाटत नाही. पण विचारायचीही एक रीत आहे. "तुला काय हवं गं?" असं विचारलं तर पोरगी "काही नको, तुम्ही फक्त या" एवढंच म्हणणार, तिला तसंच वळण लावलंय आपण. वस्तूचं नावच काढू नका. घर कुठं घेताय, भाड्याचं की स्वतःचं, किती वर्षं तिथं राहाल, गॅस आहे की इंडक्शन, सकाळी आधी कोण बाहेर पडतं, एवढं विचारा. उत्तर आपोआप समोर येतं. इंडक्शनवर तांब्या-पितळेची भांडी तापतच नाहीत, हे आधी कळलं तर हौसेनं घेतलेलं पितळी पातेलं माळ्यावर जाण्यापासून वाचतं.

माझ्या भावानं असंच विचारलं होतं. भाची आणि तिचा होणारा नवरा, दोघंही हिंजवडीत, दोघांच्या पाळ्या वेगळ्या. बोलता बोलता कळलं की भाड्याच्या घरात वॉशिंग मशीन नाही आणि दर शनिवार कपड्यांतच जाणार. भावानं ठरवलं, मशीन द्यायचं. आमची बहीण म्हणजे मुलीची आई उखडली. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं, असं गुरुजी पुकारणार, तू बोहल्यापाशी उभा राहणार, पिवळी साडी तुझ्याकडची, आणि आहेर काय तर कपडे धुवायचं मशीन?" भाऊ म्हणाला, "पिवळी साडी देतोच आहे. ती एक दिवस नेसेल." मी भावाच्या बाजूची. वस्तू कशी दिसते यापेक्षा, या घरात आपलं माणूस दमू नये हे कुणाच्या लक्षात आलं, ते मुलीला बरोबर कळतं.

वस्तू टिकायला हवी असेल तर मात्र जुन्या लोकांची एक पद्धत मला अजून आवडते. भांड्यांच्या दुकानात नाव घालून द्यायचे. तिथला माणूस आधी हातोडी-छिन्नीनं, नंतर मशीननं टिकटिक करत डब्याच्या काठाखाली ठिपक्यांची अक्षरं काढायचा: चि. सौ. कां. अमुक हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामाकडून सप्रेम भेट, खाली तारीख. लग्नाची तारीख विसरलेले नवरे पिठाचा डबा उलटा करून बघायचे, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या स्वयंपाकघरात एक पातेलं आहे, त्यावर ज्या बाईचं नाव आहे ती कोण हे घरात कुणालाही माहीत नाही. कुठल्याशा कार्यात बदलून आलं असणार. पण तिला कुणीतरी काकानं ते दिलं होतं, एवढं अजून वाचता येतं. आज एअर फ्रायरवर कुणी नाव घालत नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातानं ठोकून मठारलेली तांब्याची भांडी अजून मिळतात. त्यातला एक चांगला हंडा किंवा तांब्या-भांडं घेऊन त्यावर नाव घालून द्या. आंबट पदार्थ ठेवायचे तर कल्हई लागते, नुसत्या पाण्याला नाही, हेही त्याच वेळी सांगा. नाहीतर पोरं त्यात ताक ठेवतात.

पैठणीबद्दल फार विचारतात, म्हणून सांगते. पैठणी द्यायची तर लग्न ठरल्या ठरल्या कामाला लागा. येवल्याला हातमागावर विणलेली चांगली पैठणी महिनोन्‌महिने मागावर असते. नक्षी जितकी दाट तितका वेळ जास्त. पैठणी साड्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण नुसतं 'पैठणी' हे नाव बघून दुकानात जे हातात देतात ते अनेकदा यंत्रमागावरचं असतं. पदर उलटा करून बघा. हातमागावरचा मोर किंवा मुनिया, म्हणजे पोपट, उलट बाजूलाही जवळजवळ तसाच दिसतो. मागे धागे लोंबत असतील, कापलेले असतील, तर ते यंत्राचं काम. यंत्राची साडी देण्यात काही वाईट नाही, फक्त यंत्राच्या किमतीत घ्या. आणि रंग मुलीला निवडू द्या. तुम्हाला आवडलेली मोरपंखी तिला नको असेल तर ती साडी मंगळागौरीला एकदा निघेल आणि मग कपाटातच राहील.

आता सोनं. मामाकडून सोनं हवंच, असं आमच्याकडे अजून म्हणतात, आणि मी त्याच्या विरुद्ध नाही. दागिन्यावर हॉलमार्कच्या खुणा बघा: भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा ओळख क्रमांक. हॉलमार्क सक्तीच्या दागिन्यांना १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय दुकानदारानं विकायचं नाही, असा नियम आहे, आणि तो क्रमांक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. बिल मुलीच्या नावानं करा. तुमच्या नावानं नाही, बहिणीच्या नावानं नाही आणि जावयाच्या नावानं तर नाहीच. मुलीला मिळालेलं स्त्रीधन हे तिच्या एकटीच्या मालकीचं असतं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे. पण पुढं कधी वेळ आलीच तर कागद दाखवावा लागतो. तो कागद हाही तुमच्या आहेराचाच भाग समजा.

कागदावरून आठवलं. आपण आहेराची वही लिहितो ती पुढच्या लग्नात परतफेड करता यावी म्हणून. कायद्याला ती वेगळ्या कारणासाठी हवी आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात न मागता दिलेल्या भेटींना मोकळीक आहे, पण त्यांची यादी ठेवायची आहे. १९८५ च्या नियमांप्रमाणे त्या यादीत वस्तू काय, अंदाजे किंमत किती, दिली कुणी आणि त्याचं नातं काय हे लिहून वधूवरांनी सह्या करायच्या असतात. मी वधूच्या आणि वराच्या भेटींच्या दोन वेगळ्या वह्या घालते. लग्नाच्या गडबडीत सह्या होत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला जोडपं पाटावरून उठलं की लगेच घेते. मुलाकडच्या मंडळींना सुरुवातीला हे जरा टोचतं. टोचू दे.

बाजारात न मिळणारी गोष्ट द्यायची असेल तर ती घरातल्या कपाटातच सापडते. आईची लाखेवरची बोरमाळ होती. आई गेल्यावर माळ माझ्याकडे आली, आणि तिच्या नाती तीन. एकीला दिली तर दोघी दुखावणार. मी तिन्ही मुलींना आणि त्यांच्या आयांना एका दुपारी बोलावलं, माळ मध्ये ठेवली आणि काय करायचं ते विचारलं. धाकटी म्हणाली, मोडू नका, ज्या घरी कार्य असेल त्या घरी माळ जाऊ दे. मधलीला स्वतःचं असं काहीतरी हवं होतं. शेवटी माळ सोडवली, मणी तिघींत वाटले, आणि प्रत्येकीनं आपल्या लग्नाच्या वेळी हवं तसं गुंफून घ्यायचं ठरलं. एकीनं काळ्या मण्यांत घालून मंगळसूत्र केलं, एकीनं रेशमात ओवून गळ्याबरोबरची माळ केली. धाकटीचे मणी अजून डबीत आहेत, तिला लग्नाची घाई नाही. अशा वेळी एक ध्यानात ठेवा: बोरमाळेचे मणी पोकळ असतात, आत लाख भरलेली असते, त्यामुळे तराजूवर दिसतं तेवढं सोनं त्यात नसतं. हे वाटणीच्या आधी सगळ्यांसमोर बोला, नाहीतर सोनाराकडे गेल्यावर कुणीतरी आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघतं.

दुसरी सवलत उशिराची. ती मी शोधून काढलेली नाही, आपल्या रिवाजातच आहे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष बघा: श्रावणातली मंगळागौर, जावयाचा दिवाळसण, संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने, आणि अधिक महिना आला तर तेहतीस अनारशांचं वाण. देणं एका दिवसात उरकू नये, अशीच ही मांडणी दिसते. मग लग्नाच्या दिवशी पाकिटात शंभरावर एक घाला, आत चिठ्ठी ठेवा की बाकीचं संक्रांतीला विचारून देईन. तोवर त्यांना कळलेलं असतं की मिक्सर तीन आलेत आणि पडदा एकही नाही. माझ्या पुतणीनं सहा महिन्यांनी मागितली ती पुस्तकांची मांडणी. लग्नाआधी विचारलं असतं तर तिनं नक्की डिनर सेट सांगितला असता.

रोख रकमेला नाक मुरडू नका. भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरताना मामाचे पैसे कामी आले, हे कुणी विसरत नाही. लग्नानिमित्त वधूवरांना मिळालेल्या भेटींवर आयकर लागत नाही. फक्त रक्कम मोठी असेल तर बँकेतून पाठवा. एकाच कार्यात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला म्हणजे पोरांना बसतो.

राहिला शेवटचा प्रश्न, जो सगळे दबक्या आवाजात विचारतात: किती रुपयांचं द्यावं? आकडा मी सांगणार नाही, पण भाच्या-पुतण्या एकापेक्षा जास्त असतील तर पहिलीच्या लग्नातच एक ठरवा, की पुढच्या सगळ्यांना सारखं द्यायचं ते वजनात की रुपयांत. २०१५ मध्ये थोरलीला तोळाभर सोनं दिलं तेव्हा दहा ग्रॅमचा भाव सत्तावीस हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्यानं लाख ओलांडला. धाकटीला तोळा द्यायचा तर खिसा रिकामा होतो, आणि सत्तावीस हजारांचं सोनं द्यायचं तर हातात जेमतेम कानातलं येतं. आमच्या घरात आता ठरलंय: सोनं प्रत्येकीला एकच ग्रॅम, शकुनाचं, आणि वरचं तिला विचारून.