तुम्ही विचारलंत म्हणून: फुललेली कोथिंबीर मी उपटत का नाही?

"ताई, तुमची कोथिंबीर फुलली की हो! उपटा ना आता."

गच्चीवर कपडे वाळत घालायला येणारं प्रत्येक माणूस हिवाळ्यात एकदा तरी हे म्हणतं. सूर असा, की दूध उतू जातंय आणि मी नुसती बघत बसलेय. एवढी लावता, निगा राखता आणि शेवटी वाया घालवता, असं का?

विचारलंत म्हणून सांगते. मी सिन्नरकडची, आता नाशकात असते. आमच्याकडे कोथिंबीर म्हणजे जुगार. पेरल्यापासून 40-45 दिवसांत काढायची, जुड्या बांधायच्या, लिलावाला न्यायच्या. भाव लागला तर दिवाळी, नाही तर वाफ्यात शेळ्या सोडायच्या. अशा घरात तुरा दिसला म्हणजे वेळ हुकली. दांडा निघाला की वरचं पान शेपूसारखं बारीक चिरतं आणि त्या जुडीला व्यापारी हात लावत नाही. त्यामुळे गावात वाढूनसुद्धा कोथिंबिरीचं फूल मी कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहिलं ते इथे, गच्चीवर, तेही आळसामुळे. आठ-पंधरा दिवस वर फिरकलेच नाही आणि गेले तेव्हा कुंडीभर पांढरं झालं होतं.

जवळ जाऊन बघा एकदा. दांड्याच्या टोकाला छत्रीच्या तारांसारख्या चार-पाच काड्या फुटतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला पुन्हा एक छोटी छत्री. फुलं पांढरी, किंचित गुलाबी झाक असलेली. गंमत कडेच्या फुलांची आहे. त्यांच्या बाहेरच्या बाजूच्या पाकळ्या चांगल्या मोठ्या, झबल्याला झालर लावावी तशा. मधल्या फुलांना ही चैन नाही. गाजर, शेपू, बडीशेप, जिरं, ओवा हे सगळं एकाच घराण्यातलं आणि छत्री ही त्यांची घरची खूण. (गाजरगवत मात्र यातलं नाही बरं का. पान गाजरासारखं म्हणून नाव पडलं, नातं सूर्यफुलाशी.)

त्या झालरीवर गिऱ्हाईक येतं. छोट्या मधमाश्या येतात, ढालकिडे येतात, आणि मधमाशीसारखी पट्टेरी पण हवेत एका जागी तरंगणारी एक माशी येते. ती माशी येते मधासाठी, पण अंडी घालते माव्याच्या, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांच्या, आसपास, आणि तिच्या अळ्या मावा फस्त करतात. शेजारच्या कुंडीतल्या चवळीवर दरवर्षी मावा पडतो. कोथिंबीर फुलायला लागली की तो बराच आवरतो. म्हणजे तुम्ही उपटा म्हणता ती माझी फवारणी आहे.

मग धणे धरतात. हिरवे, मोत्याएवढे. हा आठवडाभराचा मेवा बाजारात क्वचितच मिळतो. पान चुरगळलं तर ढेकणासारखा वास येतो म्हणणारे लोक असतात, त्यांना हिरवा धणाही तसाच लागेल. वाळता वाळता तो दर्प जातो आणि आपल्या ओळखीचा गोडसर वास येतो. मला तो अधलामधला, धड पान नाही धड मसाला नाही असा वास सगळ्यांत आवडतो. चार हिरवे धणे ठेचून मठ्ठ्यात घाला, मग बोलू.

आता "आमची उगवतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी. धणा हे एक बी नव्हे, दोन दाण्यांची जोडी आहे. ती फोडावी लागते. शेतावर चपलेने रगडतात, मी पोळपाटावर लाटण्याने हलकेच दाबते. पीठ करायचं नाही, फक्त दोन फाका. रात्रभर भिजवून सकाळी पेरायचे, वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी माती. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही आणि याच दिवसांत लोक धीर सोडून कुंडीत दुसरं काहीतरी लावतात. मूळ सरळ खाली जातं, म्हणून रोप काढून दुसरीकडे लावलंत की ते रुसतं. जिथे पेरलं तिथेच वाढू द्यायचं. मी द्राक्षांचा जुना क्रेट वापरते, आत गोणपाट घालून.

आणि ती फुलणारच. वर्षायू झाड आहे, तुळस नव्हे. पान, फूल, बी, की संपलं. ऊन वाढलं, दिवस मोठा झाला, पाण्याची आबाळ झाली, की ती घाई करते. एप्रिलमध्ये पेरलीत तर पान मिळायच्या आधी दांडाच मिळेल. शेंडे खुडून चार दिवस लांबवता येतं, थांबवता येत नाही. म्हणून एकदम कुंडीभर पेरण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी मूठ-मूठ पेरायची. एक पाळी ताटात, एक वाढीत, एक फुलावर.

शेपूही असाच येतो आणि खूपच सोपा आहे. फूल पिवळं, कुंडीत दिसतं छान. जिऱ्याने मात्र मला हरवलं. उगवलं मस्त, दोन बोटं वाढलं, मग डिसेंबरात तीन दिवस ढगाळ हवा राहिली आणि सगळं करपलं. जिऱ्याला थंडी हवी पण कोरडी हवी. गुजरात-राजस्थानात ते का पिकतं ते तेव्हा कळलं. ओव्याबद्दल एकच सांगते: कुंडीतलं जाड, लुसलुशीत पान ज्याची आपण भजी करतो, तो पानओवा तुळशीच्या घराण्यातला आहे. त्याला कितीही पाणी घाला, डब्यातला ओवा त्यातून येणार नाही. खऱ्या ओव्याचं पान दोऱ्यासारखं बारीक असतं.

मार्चमध्ये छत्र्या तपकिरी झाल्या की कापून कागदी पिशवीत उलट्या टांगते. एका क्रेटमधून दोन-तीन वाट्या धणे निघतात. गेल्या वर्षी त्यातले मूठभर खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिले, फोडून कसे पेरायचे ते दाखवलंसुद्धा. पंधरा दिवसांनी विचारलं, "काकू, उगवले का?"

"अगं, भाजून मसाल्यात घातले," काकू म्हणाल्या. "वास काय सुरेख आला! अजून आहेत का?"